हार घालून मोकळे!

२१ ऑक्टोबर ही तारीख पुष्कळदा दिवाळीच्या आगेमागेच येते. म्हणून फराळाच्या ताटाशी बसून अंक चाळणाऱ्या वाचकाला मी फाशीची गोष्ट सांगू लागलो, तर त्याने रागावू नये. चांद्याच्या जुन्या तुरुंगापाशी एक पिंपळ आहे. १८५८ साली ह्याच तारखेला इंग्रजांनी बाबूराव पुल्लेश्वर शेडमाके ह्यांना तेथे फाशी दिले. वय अवघे पंचवीस! गोंड समाजाने ही आठवण पिढ्यान्‌पिढ्या जपली, त्या दिवशी माणसे तेथे माथा टेकायला येतात. त्यांच्याशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते हार घालून, 'शूर', 'थोर', 'अमर' ही तीन विशेषणे उधळून मोटारीत बसणाऱ्या आम्हा शहाण्यांशी.

कारण आमच्या भाषणांत हुतात्मा उरतो आणि युद्ध तेवढे गळून पडते. सत्तावन्न म्हटले की मीरत, कानपूर, झाशी, आणि चांदा? येथे १८५७ च्या सप्टेंबरात बाबूरावांनी जंगोम सेना उभारली. गोंड, माडिया, रोहिले तीत होते. राजगड परगणा त्यांनी घेतला. अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव येऊन मिळाले. १३ मार्च १८५८ रोजी नांदगाव-घोसरीला इंग्रजी फौजेला हार खावी लागली. पुढे सगणापूर, बामणपेठ. २९ एप्रिलच्या रात्री चिंचगुडीच्या टेलिग्राफ छावणीवर छापा पडला आणि गार्टलंड व हॉल हे दोघे कर्मचारी मारले गेले. ही काही एका रात्रीची दंगल नव्हे. सात-आठ महिने चाललेली लढाई होय ती.

वर्गात हे सांगितले की एखादा पोरगा हमखास विचारतो, "गुरुजी, मग त्यांना धरून कोणी दिलं?"

येथेच आमचे वक्ते खाकरतात. चांद्याचा डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन ह्याने अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंना धाकात घेतले. जमीनदारी वाचवायची तर बाबूराव हवाली करा! १८ सप्टेंबर १८५८ रोजी बाबूराव इंग्रजांच्या हाती पडले. व्यंकटरावांची जप्त जमीनदारी मग अहेरीला बक्षीस मिळाली. त्याच वर्षी जूनमध्ये दुसरी एक लक्ष्मीबाई ग्वाल्हेरला लढता लढता पडली होती. इतिहासाला अशी क्रूर थट्टा सुचते खरी!

"कशाला जुनी उणीदुणी? घराण्यांची मने दुखावतील," असे मला सांगण्यात येते. का दुखावावीत? दीडशे वर्षांपूर्वीच्या धाकाचे देणे आजच्या नातवंडांकडे कोणी मागत नाही. पण क्रिक्टनने भावकीच्या हातून भावकीचा माणूस कसा धरविला, हे झाकले तर इंग्रज केवळ तोफांच्या बळावर जिंकले, असाच मुलांचा समज होणार. म्हणजे अहेरीची लाज झाकताना आम्ही वस्तुतः क्रिक्टनचे कारस्थानच झाकून ठेवतो!

टपालखात्याने १२ मार्च २००९ रोजी बाबूरावांचे तिकीट काढले. चांगले केले. परंतु तिकिटावर मावतो तो चेहरा. घोसरीत पडलेला माडिया तिच्यावर कसा मावावा? त्यांची नावे कोणी विचारली? गावोगावच्या म्हाताऱ्यांजवळ बसायला ना आम्हां मास्तरांना सवड, ना पुढाऱ्यांना. शिवाय १९८२ साली जिल्हा विभागला गेला. बाबूरावांचे मोलमपल्ली गडचिरोलीत, पिंपळ चंद्रपुरात. जन्म एका कचेरीच्या हद्दीत, मरण दुसरीच्या!

म्हणून माझे मागणे साधे आहे. पिंपळापाशी एक मोठी शिळा बसवा. तिच्यावर मोलमपल्लीपासून चिंचगुडीपर्यंतचा नकाशा कोरा, तारखा कोरा, क्रिक्टनचे नाव कोरा, अहेरीचेही कोरा. सापडतील तेवढ्या शिपायांची नावे लिहा आणि उरलेल्यांसाठी जागा कोरी सोडा. मजकूर मराठीत हवा आणि गोंडीतही. आमच्या शाळांच्या सहली ताडोब्याला वाघ पाहायला जातातच. बसगाडी अर्धा तास चांद्याला थांबवायला ड्रायव्हरची हरकत नसते, हे मी विचारून ठेवले आहे.