थंडी त्यांची, औषध आपल्याला कशाला?

डिसेंबर लागला की मधपेट्या पाळणाऱ्या हौशी मंडळींच्या फोनवर परदेशी व्हिडिओ फिरू लागतात. थंडी आली, पेटीत ऑक्झॅलिक आम्ल सोडा, माश्यांच्या अंगावरचे परजीवी व्हरोआ माइट मारा! सल्ला खोटा नाही. जर्मनीत तो अगदी चोख आहे. तिथल्या कडाक्यात राणीमाशी अंडी घालणं थांबवते, पोळ्यात अळ्यांची बंद घरं उरत नाहीत, सगळे माइट माश्यांच्या अंगावर उघडे पडतात आणि एकाच मात्रेत बहुतेक मरतात.

उत्तनच्या वाडीत किंवा मीरा रोडच्या गच्चीवर हे व्हायचं कसं? इथे जानेवारीतही दुपारी पारा तिशीच्या आसपास. नारळ बारमाही फुलतो, शेवगा बहरतो, राणी जोमात असते. माइट मेणाच्या झाकणाआड सुखरूप, कारण ऑक्झॅलिक तिथवर पोचत नाही. फॉर्मिक आम्ल पोचतं, पण आपल्या उकाड्यात त्याची वाफ इतक्या झपाट्याने उठते की राणीच दगावायची. शिवाय पेटीत मध भरायचे दिवस हेच. औषध मारलेल्या पेटीतला मध शेजाऱ्यांना ‘शुद्ध’ म्हणून द्यायचा, हे मला तरी पटत नाही.

या दिवसांत करायची ती माइटची मोजणी. अळ्यांच्या चौकटीवरून अर्धा कप माश्या, म्हणजे साधारण ३००, जाळीच्या झाकणाच्या बरणीत घ्या. राणी त्यात नाही ना, हे दोनदा बघा. दोन चमचे पिठीसाखर टाकून बरणी हलकेच फिरवा, मिनिटभर थांबा, मग पांढऱ्या ताटलीतल्या पाण्यावर झटका. साखर विरघळते आणि तांबूस-तपकिरी, चपटे, जेमतेम दीड मिलिमीटरचे ठिपके उरतात. १०० माश्यांमागे ३ भरले तर प्रकरण गंभीर. माश्या मात्र पांढऱ्याफटक होऊन पेटीत परततात आणि बाकीच्या त्यांना चाटून साफ करतात.

ट्रोपिलेलॅप्स हा दुसरा माइट या बरणीत फारसा सापडत नाही. तो आणखी बारीक, चपळ आणि बहुतेक वेळ अळ्यांपाशीच. त्यासाठी चौकट पांढऱ्या ट्रेवर आपटून बघायची. त्याचं मूळ बिऱ्हाड आग्या माशीवर, आणि आग्याची पोळी तर आपल्या टॉवरच्या सज्जांना लटकलेलीच असतात. (म्हणून ती जाळायला धावू नका, परागीभवनाचं मोठं काम याच माश्या करतात.)

ही सगळी कटकट मुख्यतः मेलिफेराची. ही युरोपीय माशी भारतात रुजली ती १९६०च्या दशकात, हिमाचलातल्या नगरोटा बगवानला. व्हरोआ आशियाई माशीवरून तिच्यावर गेला आणि जगभर पसरला. ऑस्ट्रेलियानेही २०२३मध्ये त्याच्या निर्मूलनाचा नाद सोडला. आपली सातेरी, म्हणजे तीच आशियाई माशी, या वंशातल्या माइटसोबत पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहे. ती एकमेकींच्या अंगावरचे माइट वेचून काढते, आणि तिच्या पोळ्यात त्यांची वीण मुख्यतः नरांच्या घरांपुरतीच राहते. २०२२मध्ये ‘मधाचे गाव’ झालेलं महाबळेश्वरजवळचं मांघर याच सातेरीच्या प्रदेशातलं.

मेलिफेराची पेटी आधीच घेतली असेल, तर मोजणी दर महिन्याला करा. आकडा तातडीचा नसेल तर औषध मध काढून झाल्यावर, पावसाळ्याच्या तोंडावर आणि जाणकाराला शेजारी उभं करूनच. आणि नवी पेटी घेणार असाल, तर सातेरीचीच घ्या.