मालक, मजूर आणि मधला मुकादम

मुंबई-नाशिक महामार्गावर मानकोलीच्या आसपास जेथें एके काळीं भाताचीं खाचरें होतीं, तेथें आज गोदामांच्या रांगा उभ्या आहेत. मुंबईकर घरबसल्या जो माल मागवितात, त्यांतील पुष्कळसा भिवंडी तालुक्यांतील अशा गोदामांतून निघतो. हा व्यापार वाढला याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु तो ज्यांच्या हातांनीं चालतो, त्या माणसांचा धनी कोण, असें विचारलें असतां सरळ उत्तर मिळत नाहीं. गोदाम एकाचें, माल दुसऱ्याचा आणि मजूर तिसऱ्याच ठेकेदाराचे, अशी ही रीत आहे. पगार थकला किंवा कोणाचा हात चिरडला, कीं प्रत्येकानें दुसऱ्याकडे बोट दाखवावें!

ही व्याधि नवी नाहीं. मुंबईच्या कापडगिरण्यांत जॉबर माणसें भरीत असे व काढीतही असे. नोकरीसाठीं त्याचे हात ओले करावे लागत. १९३१ सालीं रॉयल कमिशननें या पद्धतीवर ठपका ठेवून भरतीचा अधिकार जॉबराकडून काढावा असें सुचविलें. त्याच्याही पूर्वीं, १८८४ सालीं, नारायण मेघाजी लोखंडे यांनीं सुमारें साडेपांच हजार कामगारांच्या सह्यांनिशीं मागण्या मांडल्या होत्या: रविवारची सुट्टी, दुपारीं अर्धा तास विसावा, आणि मागील महिन्याचा पगार १५ तारखेच्या आंत. सुट्टी मिळण्यास १८९० साल उजाडलें. तिच्यामुळें गिरण्या बुडाल्या काय? उलट त्यांची भरभराट पुढें कित्येक वर्षें चालली.

कित्येक मालक म्हणतात, ठेकेदार नेमला म्हणजे कटकट मिटते. आमच्या मतें ती मिटत नाहीं, केवळ दृष्टीआड होते. नवा माणूस माल ओळखावयास शिकेपर्यंत पुडकें भलत्याच पत्त्यावर जातें. आणि शिकला, कीं चार पैसे अधिक मिळतील तेथें तो निघून जातो. हें नुकसान कोणत्याही खतावणींत दिसत नाहीं, पण नफ्यांतून वजा मात्र होतें.

कायद्यानेंही आतां पळवाट ठेवलेली नाहीं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांप्रमाणें मासिक वेतन पुढील महिन्याच्या ७ तारखेच्या आंत दिलें पाहिजे, कामगारास नेमणूकपत्र दिलें पाहिजे, आणि ठेकेदारानें वेतन बुडविल्यास तें मूळ मालकानें भरलें पाहिजे. परंतु कायद्याचा अंमल शेवटीं मालकाच्या दानतीवर अवलंबून असतो.

म्हणून आमची सूचना अशी आहे. ठेकेदाराचें बिल चुकविण्यापूर्वीं मालकानें हजेरीपट आणि मजुरांच्या खात्यांत जमा झालेला पगार स्वतः ताडून पाहावा. जादा तासांची नोंद मजुरास दिसेल अशी ठेवावी. उन्हाळ्यांत पत्र्याखालीं राबणाऱ्यास पाणी व विसावा हक्कानें मिळावा. आठवड्यांतून एकदां मुकादमास बाजूस ठेवून मजुरांचें गाऱ्हाणें ऐकावें. आणि तें सांगणाऱ्यास दुसऱ्या दिवशीं फाटकावरून परत पाठविलें जाणार नाहीं, याची हमी द्यावी. ही हमी नसेल तर बाकीचें सर्व व्यर्थ आहे.

आमचे व्यापारी वाचक माल उतरवून घेतांना नग न् नग मोजून घेतात. तो उतरविणाऱ्या माणसाचीही तितकीच दखल त्यांनीं घ्यावी, यांत धर्म आहे आणि व्यापारही आहे.