मातेच्या देहाचा जमाखर्च

उंदराच्या दोन खांद्यांमध्ये तपकिरी चरबीचा लहानसा साठा असतो. पांढरी चरबी ऊर्जा साठवून ठेवते. तपकिरी चरबी ती जाळून देहाला ऊब देते. पिलांना पाजणाऱ्या मादीचा आहार दुपटी-तिपटीने वाढतो. असे असूनही या काळात तिची तपकिरी चरबी मंदावते, असे पॉल ट्रेहर्न व सहकाऱ्यांनी १९८२ साली दाखवून दिले. दूध तयार होतानाच देहात पुष्कळ उष्णता निर्माण होते. मग वेगळी शेगडी कशाला पेटवावी? वाचलेली ऊर्जा पिलांच्या दुधासाठी उपयोगी पडते. पिलांचे पिणे सुटले की ही चरबी पुन्हा कार्यरत होते. मिळकत वाढली असतानाही अनावश्यक खर्च आवरणे, हीच खरी काटकसर होय.