खंगलेल्या पत्राचा भार

लोकांच्या कळकळीवर चालणारे पत्र डबघाईस आले की, त्याचा भार उचलणारा विरळा. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ साली पुण्यास काढलेले सत्यशोधकांचे ‘दीनबंधु’ असेच तोट्याने खंगले. १८८० साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईस आणून आपल्या शिरावर घेतले. नवा चालक बहुधा प्रथम नाव पालटतो. लोखंडे यांनी तसे केले नाही, हे आम्हांस विशेष वाटते. गिरणीच्या कोठाराचे काम पाहिलेल्या या गृहस्थांनी कामगारांची गाऱ्हाणी पत्रात आणली. १८८४ च्या सभांत कामगारांनी रविवारची सुट्टी मागितली. १० जून १८९० रोजी ती मान्य झाली. मिस्सेस जाण्यास आपण जो रविवार सहज मोकळा धरतो, तोच हा! १८९७ साली प्लेगाने निधन होईतो लोखंडे यांनी पत्र सोडले नाही.