जुन्या चकतीला नवे काम
(बी. कॉम. भाग २ मधील एक विद्यार्थी)

‘जुने ते सोने’ ही म्हण आपण शाळेत शिकतो आणि ‘जुने द्या, नवे घ्या’ ही पाटी बाजारात वाचतो. या दोहोंपैकी खरे काय, हा प्रश्न मला गेल्या दिवाळीच्या आधी पडला. आणि तो वक्तृत्वस्पर्धेच्या व्यासपीठावर नव्हे, तर घरच्या संगणकासमोर पडला. त्याचे जे उत्तर मला सापडले ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू. मी संगणकशास्त्राचा विद्यार्थी नाही. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला वाणिज्य शाखेचा मुलगा आहे. त्यामुळे जे लिहितो आहे ते हिशेबाच्या नजरेने लिहितो आहे.

माझे वडील, त्यांना आम्ही आप्पा म्हणतो, बेळगावातील अकरा लहान दुकानांचे हिशेब लिहितात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये बेळगाव जिल्ह्यात जो पूर आला, तो आमच्या तळमजल्यावरच्या खोलीतही शिरला. गाद्या वाळल्या, भांडी धुऊन झाली. परंतु टेबलाखाली ठेवलेला संगणक पाण्यात गेला तो गेलाच. अकरा दुकानांचे हिशेब त्या एका डिस्कवर होते आणि त्यांची दुसरी प्रत कोठेही नव्हती. मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो. पुढचे कित्येक आठवडे रात्री जेवणे झाली की आई बिले लावून द्यायची, मी आकडे मोठ्याने वाचायचो आणि आप्पा उसन्या संगणकावर ते पुन्हा भरायचे. त्यातील दोन दुकानदारांनी आपले काम आमच्याकडून काढून घेतले. आप्पा त्यांच्याविषयी कधी वाईट बोलले नाहीत. “त्यांचं बरोबर हाय की रे, वही हरवणाऱ्याकडं वही कोण देणार?” एवढेच म्हणाले.

त्याच वर्षी कर्ज काढून नवा संगणक घेतला. त्यात एक टी.बी. ची फिरती हार्ड डिस्क होती. सहा वर्षांनी तो संगणक इतका मंदावला की सुरू करून आंघोळीला जावे आणि परत यावे, तरी पडद्यावर गोल फिरतच असावे. जी.एस.टी. च्या २० तारखेच्या आदल्या रात्री तर घरात कोणी मोठ्याने बोलत नसे. शेवटी एका दुकानदाराला दाखवला. त्याने झाकणही न उघडता सांगितले, “हा आता भंगारात. तीस हजारांत नवा देतो.”

येथे मला वर्गातला घसारा आठवला. १९६१ च्या आयकर कायद्याखालील नियमांत संगणकावर घटत्या शिलकीने ४० टक्के घसारा होता. त्या दराने तीस हजारांचा संगणक पाच वर्षांनी पुस्तकात २,३३२ रुपये ८० पैशांचा उरतो. कंपनी कायदा, २०१३ च्या दुसऱ्या परिशिष्टात तर डेस्कटॉपचे उपयुक्त आयुष्य तीनच वर्षांचे धरले आहे. परंतु पुस्तकातली किंमत संपली म्हणून वस्तूतला जीव संपत नाही. वसुलीची तारीख आणि मरणाची तारीख एकच समजणे, ही चूक व्यापारी करीत नाही; गिऱ्हाईक मात्र करते.

मंदावले होते ते काय? सबंध संगणक नव्हे, त्याचा एकच भाग. संगणक सुरू होण्याला ‘बूट होणे’ म्हणतात. हा शब्द पायातल्या बुटावरूनच आला आहे. बुटाच्या मागच्या पट्ट्याला धरून स्वतःच स्वतःला वर उचलावे, अशी एक गमतीची कल्पना इंग्रजीत आहे. संगणकही तसाच स्वतःला उठवतो. कळ दाबली की आतला छोटा कायमचा प्रोग्रॅम जागा होतो, तो डिस्क शोधतो आणि डिस्कवरून मुख्य प्रणालीच्या हजारो लहानमोठ्या फायली स्मृतीत आणतो. ज्या डिस्कवरून हे घडते ती बूट डिस्क.

फिरत्या डिस्कमध्ये चकत्या असतात आणि त्यांच्यावरून एक दांडी इकडून तिकडे सरकते. १९५६ मध्ये आय.बी.एम. ने असे पहिले यंत्र विकायला काढले, तेव्हा त्यात २४ इंच व्यासाच्या पन्नास चकत्या होत्या आणि त्यांवर सुमारे पन्नास लाख अक्षरे मावत. चकत्या पुढे लहान झाल्या, माल अफाट वाढला, परंतु तत्त्व तेच राहिले. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला अर्धा फेरा घ्यायला चार सहस्रांश सेकंदांहून थोडे अधिक लागते. दांडी सरकायला आणखी आठ-नऊ. म्हणजे विखुरलेल्या फायली उचलायच्या झाल्यास सेकंदाला ऐंशीच्या आसपास खेपा होतात. एस.एस.डी. मध्ये फिरणारे काहीच नाही. तिला तीच वस्तू काढायला एका सहस्रांश सेकंदाचा दहावा हिस्सा पुरतो. मात्र एकच मोठी फाइल सलग वाचायची असेल तर फिरती डिस्कही सेकंदाला शंभर एम.बी. च्या पुढे जाते. सारांश, ती आळशी नाही. तिला नको ते काम दिले गेले आहे.

आपल्या रविवार पेठेतला कोणताही घाऊक व्यापारी हे एका वाक्यात सांगेल. रोज हजारदा लागणारा माल गादीजवळ, आणि पोत्यांचा साठा वखारीत. वखारीत बसून किरकोळ विक्री कोणी करीत नाही, आणि वखार लांब पडते म्हणून कोणी ती पाडतही नाही. एस.एस.डी. ही गादी, फिरती डिस्क ही वखार.

आता गादी केवढी घ्यावी? माझे मत असे की, बूट डिस्क लहान असली तरी चालेल. प्रणाली, हिशेबाचा प्रोग्रॅम आणि चालू वर्षाचे काम यांना २५६ जी.बी. पुरतात. फक्त ती काठोकाठ भरू देऊ नये, थोडी जागा मोकळी ठेवावी. दुसरी गोष्ट, आपल्या यंत्राला काय बसते ते आधी पाहावे. साध्या साटा जोडणीची अडीच इंची एस.एस.डी. बहुतेक जुन्या यंत्रांना चालते आणि सेकंदाला साडेपाचशे एम.बी. पर्यंत जाते. एन.व्ही.एम.ई. जातीची कांडी त्याहून कितीतरी पट वेगवान असते. परंतु बोर्डावर तिची खाच हवी आणि तिच्यावरून बूट होण्याची सोयही हवी. जुन्या बायोसच्या यंत्रांत ती बहुधा नसते. आणि हिशेब लिहिणाऱ्याला या दोहोंतला फरक जाणवतही नाही. जाणवतो तो फिरत्या डिस्कवरून एस.एस.डी. वर येताना. दुकानदार वेगाचे मोठे आकडे दाखवील. आपण आपल्या कामाचा आकडा पाहावा.

आप्पांना हे पटवणे सोपे नव्हते. “चालायलंय ते कशाला मोडतोस?” हा त्यांचा एकच प्रश्न. त्यात पुराची आठवण होती, म्हणून मी वाद घातला नाही. माझा कन्नड माध्यमातला मित्र मदतीला आला. त्याने आधी आप्पांसमोर सगळ्या हिशेबांची प्रत एका पेन ड्राइव्हवर काढून त्यांच्या हातात दिली आणि म्हणाला, “काका, हे खिशात ठेवा. मग आम्ही झाकण उघडतो.” तेवढ्याने काम झाले.

त्याने शिकवलेली एक गोष्ट प्रत्येकाने लक्षात ठेवावी. नवी प्रणाली घालताना जुनी डिस्क सोडवून बाजूला ठेवावी. दोन्ही जोडलेल्या असल्या तर चुकून जुनीच पुसली जाण्याचा धोका असतो. शिवाय बूट होण्याचा तुकडा कधी कधी जुन्या डिस्कवरच जाऊन बसतो. मग पुढे ती काढली की संगणक उठतच नाही. हे आधी मला निरर्थक वाटले होते. “नंतर रडण्यापेक्षा आता दोन वायरी काढ,” असे तो म्हणाला, आणि मी काढल्या. संध्याकाळी संगणक सुरू झाला तेव्हा आप्पा नेहमीप्रमाणे पाणी प्यायला आत निघाले होते. ते दारातूनच परतले. काही बोलले नाहीत. खुर्ची ओढून बसले.

पुष्कळांची गोष्ट येथे संपते आणि जुनी डिस्क खणात जाते. माझी गोष्ट येथे सुरू होते. आधी तिची प्रकृती तपासली. डिस्क स्वतःच आपल्या दुखण्याची नोंद ठेवते आणि फुकट मिळणारे छोटे प्रोग्रॅम ती वाचून दाखवतात. बदलून टाकलेले किंवा वाचता न येणारे कप्पे वाढत असतील, टक् टक् असा आवाज येत असेल, तर तिला निवृत्त करावे. तिच्यावर दया दाखवणे आपल्यालाच महागात पडते. आमची निर्दोष निघाली. महिनाभर ती जशीच्या तशी ठेवली, काही राहिले असल्यास सापडावे म्हणून. मग वेगळ्या विजेच्या केसिंगमध्ये घालून तिला एकच काम दिले: दर शनिवारी हिशेबांची प्रत घेणे आणि पुन्हा सुटी होऊन कपाटात बसणे. ती सुटी करण्याला कारण आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने जगभर फायलींना कुलपे लावली. प्रतीची डिस्क जोडलेलीच असेल तर तिलाही कुलूप बसते.

मावसभावाच्या मोडक्या लॅपटॉपमधली ५०० जी.बी. ची डिस्कही अशीच तपासून घेतली. तिला पासवर्ड लावला आहे, कारण हिशेब लोकांचे आहेत. ती टिळकवाडीत आत्याकडे, दुसऱ्या मजल्यावर असते. महिन्यातून एकदा येते, प्रत घेऊन जाते. तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमे, एक प्रत दुसऱ्या जागी, असा जाणकारांचा दंडक आहे. आम्हांला तो पुराने शिकवला.

यावर कोणी म्हणेल, इतका खटाटोप कशाला? सगळे इंटरनेटवर ठेवावे. जरूर ठेवावे, पण एकट्यावर विसंबू नये. तेथे फुकटची जागा संपते, पासवर्ड विसरतो, खाते बंद पडते. दुसरा आक्षेप अधिक रास्त आहे: जुन्या डिस्कवर भरवसा कसा ठेवायचा? माझे उत्तर असे की, भरवसा ठेवायचाच नाही. एकमेव प्रत म्हणून कोणतीच डिस्क लायक नाही, नवीही नाही. नवी एस.एस.डी. तर अनेकदा पूर्वसूचना न देता जाते, आणि विजेशिवाय वर्षानुवर्षे पडून राहिली तर तिच्यातला भार ओसरू शकतो. उलट जी.एस.टी. कायद्याप्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात, आणि कंपन्यांना आठ आर्थिक वर्षे. इतकी वर्षे वखारीचे काम कोण करणार? दुसरी किंवा तिसरी प्रत म्हणून जुनी डिस्क उत्तम, एकटी म्हणून मुळीच नाही.

आणि खरोखर निरोप द्यायची वेळ आली तर तो नीट द्यावा. नुसते फॉरमॅट केल्याने मजकूर बहुधा पुसला जात नाही. सबंध डिस्कवर पुन्हा लिहून मगच ती हातावेगळी करावी. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यांप्रमाणे तिची जागा नोंदणीकृत पुनर्वापर केंद्रात आहे, हातगाडीवर नाही.

आता थोडे आपल्या महाविद्यालयाविषयी. प्रयोगशाळेमागच्या खोलीत जुने संगणक कापडाखाली झाकून ठेवलेले आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबली आणि त्यांतील बरेच विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत, हे मला मान्य आहे. तरी लहान एस.एस.डी. घालून आणि मोफत लिनक्स चढवून ते वाचनालयात लेखन-वाचनाला नक्की चालतील. यात अतिशयोक्ती नाही. एक संगणक आम्हां दोघांच्या हाती द्या, करून दाखवतो.

त्यांतून निघालेल्या डिस्कांना काम? तेही आहे. या आपल्या वार्षिकाचे मागचे अंक वाचनालयात एका कपाटात आहेत, आणि कित्येक वर्षांचा एकेकच अंक उरला आहे. एका बाजूने मराठी, दुसऱ्या बाजूने कन्नड. आमच्या अनेक प्राध्यापकांचे विद्यार्थिदशेतले पहिले लिखाण त्यांत आहे. वाळवीला किंवा पुराला दोन्ही भाषा सारख्याच. सुटीत आम्ही दोन्ही विभागांचे विद्यार्थी मिळून पान पान स्कॅन करू. त्याच्या तीन प्रती तीन तपासलेल्या जुन्या डिस्कांवर ठेवू: एक वाचनालयात, एक कार्यालयात, एक गावात दुसरीकडे कोठेतरी उंचावर. डिस्कला मराठी कळत नाही आणि कन्नडही कळत नाही. जे सांभाळायला द्याल ते ती शेजारी शेजारी ठेवते.

मी मित्राला विचारले, एवढे काम आपल्याच्याने होईल का? तो म्हणाला, “इरलि बिडो, आधी अर्ज तर कर.” हा लेख म्हणजेच तो अर्ज समजावा, ही प्राचार्यांना नम्र विनंती.