दाताच्या मुळातील चीर आणि धातूची छाया

दाताला चीर गेली म्हणजे ती आरशात दिसेलच, अशी आपली समजूत असते. परंतु खरी फसवी चीर असते ती हिरडीखाली, हाडात दडलेल्या मुळाला उभी गेलेली. ज्या दाताचे रूट कॅनाल झाले आहे, विशेषतः ज्याच्या मुळात आधारासाठी खुंटी बसविली आहे, त्याला ती अधिक संभवते. चावताना कळ येणे, हिरडीवर वारंवार पुळी येऊन पू वाहणे आणि दाताच्या एकाच बाजूस हिरडीत अरुंद, खोल खळगा होणे, ही तिची लक्षणे होत.

साध्या एक्स-रेमध्ये ही चीर बहुधा निसटते. कारण किरणांची दिशा चिरेच्या पातळीशी जुळली, तरच ती चित्रात उमटते. रंटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरण शोधून काढले, त्यानंतर शंभर वर्षे दंतवैद्यांना मुख्यतः अशा सपाट चित्रांवरच भागवावे लागले. १९९८ च्या सुमारास 'कोन बीम सीटी' हे यंत्र दंतवैद्यकात आले. शंकूच्या आकाराचा किरणझोत डोक्याभोवती फिरवून ते शेकडो चित्रे घेते आणि संगणक त्यांतून जबड्याची त्रिमिती प्रतिमा रचतो. मग मुळाचे हवे तसे पातळ छेद पडद्यावर पाहावयास मिळतात.

मात्र शेजारी इम्प्लांट असेल, तर हे काम अवघड होते. इम्प्लांट बहुधा टायटॅनियमचे असते. हा धातू कमी शक्तीचे किरण अधिक शोषून घेतो. त्यामुळे प्रतिमेत त्याच्या आजूबाजूस काळे पट्टे आणि पांढऱ्या रेघा उमटतात. काळा पट्टा शेजारच्या मुळावर पडला, तर धडधाकट मूळ चिरलेले भासते. पांढरी रेघ पडली, तर खरी चीर झाकली जाते. पहिल्या चुकीने चांगला दात काढला जाण्याचा संभव असतो. दुसरीने आजार आतल्या आत हाड झिजवीत राहतो आणि शेजारच्या इम्प्लांटचा आधारही धोक्यात येऊ शकतो.

म्हणून जाणता तज्ज्ञ एका छेदावर निर्णय देत नाही. चीर ओळीने अनेक छेदांत आणि मुळापुरतीच दिसते. धातूची छाया मूळ ओलांडून हाडातही पसरते. मुळालगतचे हाड झिजले आहे काय, हेही तो पाहतो आणि प्रत्यक्ष तपासणीशी सर्व ताडून घेतो. तरीही शंका उरली, तर हिरडी उघडून मूळ डोळ्यांनी पाहावे लागते.

आपण काय करावे? इम्प्लांट आणि रूट कॅनाल केव्हा झाले ते दंतवैद्यांना सांगावे, जुनी चित्रे जपून ठेवावीत व बरोबर न्यावीत. यंत्र फिरत असता मान मुळीच हलवू नये. स्त्री गरोदर असल्यास तिने ते आधी सांगावे. या तपासणीत साध्या छोट्या एक्स-रेपेक्षा किरण अधिक लागतात, म्हणून केवळ हौसेखातर तिचा आग्रह धरू नये. आणि केवळ एका काळ्या रेघेवरून दात काढावयाचा सल्ला मिळाला, तर इतर लक्षणे तिच्याशी जुळतात काय, हे विनयाने पण अवश्य विचारावे. काढलेला दात पुन्हा उगवत नाही. प्रश्न विचारावयास मात्र क्षणभरच लागतो.