जुन्या कडबायंत्रास नायलॉनचे बूश

हातानें फिरवावयाचीं जुनीं कडबायंत्रें पुष्कळ शेतकऱ्यांच्या गोठ्यांत गंजत पडलेलीं दिसतात. त्यांचें बीड फुटलेलें नसतें, कीं चाक वांकलेलें नसतें; केवळ आंसाखालचे पितळी बूश झिजून यंत्र डगडगूं लागलेलें असतें. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसविण्यापूर्वींच बेळगांवास अशीं यंत्रें करावयास आरंभ केला होता. म्हणजे हें यंत्र आपल्या मुलखांत शंभर वर्षांहून अधिक काळ रुळलेलें असून त्याची रचना गांवच्या लोहारासही कळते. दोन बुशांपायीं तें भंगारांत घालणें हा शुद्ध तोटा होय.

हल्लीं लेथवाले नायलॉनची कांडी कांतून हवा तसा बूश करून देतात. तो पितळेहून स्वस्त पडतो, आवाज करीत नाहीं व वंगण थोडें मागतो. त्यामुळें सगळेच बूश नायलॉनचे करून टाकावे, असा सल्ला सर्रास मिळूं लागला आहे. आम्हांस तो अर्धाच मान्य आहे.

वैरण आंत ओढणारे रूळ सावकाश फिरतात आणि त्यांवर कडब्याची धूळ अखंड बसते. तेथें तेल घातलें कीं तेल व धूळ मिळून आंस घासणारा लेपच तयार होतो. अशा जागीं कोरडा चालणारा नायलॉनचा बूश पितळेहून सरस, हें आम्ही आनंदानें कबूल करतों.

पात्यांच्या मोठ्या चाकाची गोष्ट अगदीं वेगळी. हातानें फिरवितांना त्याचे फेरे बेताचेच होतात. पण आतां बहुतेकांनीं त्याच चाकास विजेच्या मोटारीचा पट्टा जोडला आहे, व फेरे कित्येक पटींनीं वाढले आहेत. घर्षणाची उष्णता पितळ बिडांत वाहून नेतें. नायलॉन ती आंतच कोंडून ठेवतें. शिवाय तापल्यावर तें लोखंडाच्या सहा-सातपट फुगतें. बाहेरून बीड अडवीत असल्यामुळें बुशाचें भोंक लहान होतें, आंस आवळला जातो व उष्णता आणखी वाढते. नायलॉन सुमारें २२० अंश सेंटिग्रेडला वितळतें हें खरें. पण त्याचा ताठपणा त्याच्या फार आधींच ओसरतो. मग बूश दबतो, आंस हलतो, आणि पातें तोंडाच्या पट्टीवर आदळतें. त्या पट्टीपासून हातभर अंतरावर वैरण सारणाऱ्याचीं बोटें असतात! दहा-वीस रुपयांची नव्हे, शेंकडों रुपयांची बचत होत असली तरी ती येथें करूं नये. मोटारीवर चालणाऱ्या यंत्राच्या मुख्य आंसास पितळी बूशच हवा. पितळ मिळत नाहीं ही तक्रार खरी आहे. तेव्हां आपल्या संघाच्या भांडारांत पितळी कांड्या ठेवाव्या, ही मागणी आम्ही येथें नोंदवितों.

रुळांस नायलॉन बसवितांनाही थोडी सैल जागा सोडावी. पाण्यांत बुडून राहिल्यास साधें नायलॉन आपल्या वजनाच्या सुमारें ९ टक्के पाणी पितें, व उन्हाळ्यांत नेमका बसलेला बूश पावसाळ्यांत आंस धरून ठेवतो. आंसास चरे पडले असतील तर तो आधीं कांतून गुळगुळीत करवावा, नाहींतर नवा बूश एका हंगामांत किसला जाईल. आणि लेथवाल्याकडे मापासाठीं झिजलेला बूश नेऊं नये. आंसच नेऊन दाखवावा.